सुमीच्या पत्र्यावरचा गंज

गुरुवार, कळंबोली, १९९६

आधी तो दाढीवाला चित्रकार आला, मागनं गॅलरीवाल्या बाई. नात माझी, सुमी, बाहेर गेलेली. तिची लोखंडी पत्र्यावरची चित्रं बघून बाई "वा वा" करत राहिल्या, मला तर आनंद मावेना. पण दाढीवाल्यानं पत्रा हुंगला. चित्र कुणी हुंगतं का?

"आज्जी, हा गंजाचा रंग कशानं आणते ती?"

"देवाला ठाऊक, बाबा."

आंबट ताकात मीठ कालवून मीच देते, ती पत्र्याला फासते. पण सांगू कशाला? प्रदर्शनाआधी ह्यानंच तसं केलं तर पोरीचं काय राहिलं? दोनदा हुंगला मेल्यानं!

रविवारी परत येतो म्हणालेत. रविवारी सुमी घरी असते, आणि कुणी जरा कौतुकानं विचारलं की सगळं सांगून टाकते.