पिकअपमधलं माहेर

कोरीट
गुरुवार, २४ एप्रिल २०२५

योगीताईस भूप्याचा नमस्कार. फोनवर कधी केला नाही, म्हणून सगळे मिळून इथं एकदाच करतो.

इकडं सगळे बरे आहेत. इसहाक दाजींना जय ख्रिस्त सांग. मी पाठ केलंय, आबांसमोर म्हणत नाही एवढंच. रुपा आणि जोएल मामाला विसरले असतील तर दोघांचा एकेक कान ओढ.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी काहीही बोललो की तू म्हणतेस, "भूप्या, मस्करी पुरे." मग पुढचं सांगता येत नाही. अक्षर दहावी नापासचं आहे, चालवून घे.

आधी गाडीचं सांगतो. पिकअप आता ओळखू येत नाही. मागं पाइपच्या कमानी ठोकल्या, वर ताडपत्री. आत फळ्यांचा माळा केलाय, वर गादी, खाली भांडी. पाठीमागचा फाळका खाली पाडला की तोच ओटा, त्यावर शेगडी. पाण्याच्या ड्रमला तोटी बसवली. मच्छरदाणी लावली. रिकामी गाडी फार आपटते, पोरांची हाडं खिळखिळी होतील, म्हणून खाली वाळूची पोती टाकली. तोरणमाळच्या घाटात चाकाखाली लावायला लाकडाचे ठोकळे घेतले. मोबाईलवर एक पोरगा बायको-पोरं घेऊन गाडीतच राहतो, फिरतो. तो म्हणतो, नवीन माणसानं पहिल्या दिवशी लांब जायचं नाही, आधी घराजवळ एक रात्र झोपून बघायचं. म्हणून मी खळ्यात झोपून बघितलं. गादी मऊ आहे. कुत्र्याला पण आवडली.

गावात सगळे विचारायचे, हे काय? मी सांगितलं, नसबंदीची गाडी आहे, उद्यापासून घरोघर फिरणार. उदेसिंग काका दोन दिवस मळ्यातून घरी आले नाहीत. काकू येऊन मला शिव्या देऊन गेल्या, आणि जाताना म्हणाल्या, "आखो दोन दिन ऱ्हाऊ दे गाडी."

बेत तुला माहीत आहेच. अखाजीला, कॅलेंडरातल्या अक्षय्य तृतीयेला, सगळ्या पोरी माहेरी येतात, तू पाच वर्षांत आली नाहीस. आबा उंबरा ओलांडू देत नाहीत ना, मग उंबराच नको. नवापूरच्या स्टँडवरून तुम्हाला उचलायचं, मायला पुढं बसवायचं, आणि तोरणमाळ, धडगाव करत चार दिवस गाडीतच माहेर. कमानीला झोका पण बांधला. अखाजीला झोका नाही तर काय मजा?

मायचं पुढं लिहितो.

माय एकदा गाडीत चढली होती. गादीवर हात फिरवला, तोटी सोडून बघितली, झोक्याला हलकेच ढकललं. तेवढ्यात आबा आले.

"हाई कोनासाठे शे?"

मी खोटं बोलण्यात पहिला नंबर, तुला माहीत आहे. पण त्या वेळी तोंडातून खरंच निघालं. म्हटलं, "योगीताईसाठे."

आबा झोक्याकडं बघून घरात गेले. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी आबा कुंभाराकडून अखाजीच्या घागरी घेऊन आले. आपल्याकडं गेलेल्या माणसांच्या दोन भरतात, आजाची आणि आजीची. यंदा तीन. मी म्हटलं, "आबा, दोनवर एक फुकट का?"

आबा म्हणाले, "ती योगितानी."

ताई, मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं, बापाला पण कधीतरी मस्करी सुचली. मग मायकडं बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडत होती. ताटात तांदूळ नव्हते.

मी ती घागर फोडली. बकरीनं पाडली म्हणून सांगितलं. आबांनी मला मारलं नाही, शिवी पण दिली नाही. चप्पल घातली आणि दुसरी घेऊन आले. ती पण फोडली असती, पण तिसरी आणायला पण ते असेच गेले असते.

काल म्हणाले, "पानी तू टाकशी. भाऊना हातनं पडाले पाह्यजे."

मी म्हटलं, जित्या माणसाची घागर कुठं भरतात का? ते म्हणाले, "मन्हासाठे ती नही."

मी मायला म्हटलं, चल, आत्ता निघू, किल्ली माझ्याकडं आहे. ती म्हणाली, "मी नही येस रे भाऊ. मी गऊ ते तुन्हा आबा सोता पानी टाकतीन." मग म्हणाली, "तूच टाक. बापना हातनं नको." आणि तुझ्या आवडीच्या सांजोऱ्यांसाठी रवा काढून ठेवला. सांजोऱ्या घागरीसमोर ठेवायला.

मी पळून येऊ शकतो, ताई. पण मी पळालो तर त्या दिवशी पाणी आबा ओततील, आणि मायला त्यांच्या शेजारी एकटीला उभं राहावं लागेल. म्हणून येत नाही. घागर भरल्यावर तुझं नाव घरात काढायचं नाही, असं आबांनी सांगून ठेवलंय. पुढं केव्हा भेटू, ते मला खरंच माहीत नाही. ताडपत्री काढली, झोका मीच सोडला. उद्यापासून गाडी टरबुजांच्या भाड्याला लागेल.

तर पोरांना नवे कपडे घालून स्टँडवर उभी राहू नको. रुपाला सांग, मामाची गाडी बिघडली. ती हुशार आहे, तिला पटणार नाही. तरी सांग.

एक काम कर. बुधवारी दुपारी इकडं घागर भरतील. तेव्हा तू तिकडं तांब्याभर थंड पाणी पी. मी ओतताना मनात म्हणेन, ताई लांबून उन्हातून आलीय, तिला तहान लागलीय. आबांशी तेवढी एक मस्करी मला करू दे. त्यांना कळणार पण नाही.

सगळं पी, तांब्यात ठेवू नको.

जित्या बहिणीचा भाऊ,
भूपेश