आक्कांचं खातं

३ जून
आज रुजू झाले. हॉस्पिटल जुनं असलं तरी भिंती नुकत्याच रंगवल्यात, आणि माझ्या खोलीला चक्क खिडकी आहे! काम असं, की सगळा कागदी कारभार नव्या सिस्टीमवर न्यायचा आणि माणसांनाही तिची सवय लावायची. गावातलं जवळजवळ प्रत्येक माणूस इथेच जन्मलंय, त्यामुळे जुने केसपेपर चढवले तेव्हाच अख्खं गाव सिस्टीममध्ये आलं. कर्मचाऱ्यांनी तिचं नाव ‘सूनबाई’ ठेवलंय. मी म्हटलं, मग मी तिची पाठराखीण. सगळे हसले.

१० जून
केसपेपरच्या खिडकीवर आक्का बसतात. आज शिकवणीत त्यांनी विचारलं, सूनबाई चुकली तर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं? माझ्याकडे, मी म्हटलं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि आपला डबा माझ्यापुढे सरकवला. एकटी राहतेस, नीट जेवतेस का, असंही विचारलं.

२१ जून
सगळे सूनबाईकडे वळले, आक्का नाही. त्या कागदावर लिहितात, पेशंटशी बोलत बसतात, रांग अडते. त्यांचं बघून बाकीचेही पुन्हा कागदाकडे वळतात. मोठे साहेब म्हणाले, खिडकीवर आक्का आहेत तोवर सूनबाई नांदायची नाही. दुपारी मी आक्कांचं खातं ‘बंद’ करून टाकलं. चार दिवस अडलं की येतील मुकाट्याने. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घरी आले.

२२ जून
खिडकीवर नवी मुलगी बसली होती. आक्का कुठे, विचारलं. कोण आक्का, म्हणाली. आक्का तिच्या खुर्चीमागेच उभ्या होत्या, हातात डबा घेऊन. मी थट्टा समजले. मग रखवालदार आला आणि आक्कांच्या अंगावरून निघून गेला. धक्का आक्कांना लागला. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

२४ जून
आक्का माझ्या टेबलासमोर आल्या. “पोरी, माझं नाव परत घाल. काल मुलाने मी उंबऱ्यात उभी असताना दार लावून घेतलं.”
खातं उघडायला साहेबांची सही लागते, कारण सांगावं लागतं. रांग सुटली म्हणून सकाळीच साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. मी म्हटलं, उद्या घालते. आक्का ‘बरं’ म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२५ जून
नाही घातलं.

२७ जून
शेवटी धीर करून साहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, कुठल्या आक्का? खोटं बोलत नव्हते. परत येऊन सिस्टीममध्ये शोधलं. नावच सापडत नाही — बंद खात्यांतही नाही. आक्का जिन्यात बसून होत्या. मी दुसऱ्या जिन्याने उतरले.

१ जुलै
म्हातारा वॉर्डबॉय आला. सूनबाईत नाव नसलेल्या आम्हा दोघांनाच आक्का दिसतात. तो इथे जन्मलेला नाही, आणि अंगठा मशीनवर उमटत नव्हता म्हणून त्याची एंट्री राहिली होती. आणि मी कंत्राटी, परगावची — माझी केलीच नव्हती. तो म्हणाला, “मॅडम, आक्कांना कुणी घोटभर पाणी देत नाही. मी देतो. पण हे झालं कशाने?”
मी सिस्टीम उघडली. मग मी त्याची एंट्री केली. हाताने, अंगठ्याशिवाय. तो आभार मानून गेला.

२ जुलै
आज तो जिन्यात आक्कांना ओलांडून गेला. हातात तांब्या होता. नेहमीच्या पायरीवर थबकला, तांब्याकडे बघत राहिला — कशाला आणला होता, ते आठवेना.
हे मी केलं. भीतीने नाही, त्याला कळेल या लाजेने —

५ जुलै
पाणी नेते. घेत नाहीत. विझत चालल्यात. माझ्याकडे बघतात, बस.

८ जुलै
साहेबांचा हुकूम. आजच्या आज माझीही एंट्री. नाही म्हणता आलं असतं. पण ते डोळे दिसायचे थांबतील, हे कळलं आणि — बरं वाटलं. मला बरं वाटलं.

नंतर
आक्का समोर आहेत. सगळं भरलं, बटण तेवढं राहिलं. त्या म्हणाल्या, “दाब, पोरी. तुझे तरी हाल नकोत.”
दाबलं.
अजून दिसतात. अंधूक. निदान नाव लिहून ठेवते, उद्या वाचून आठवेल. लवकर — त्यांचं नाव