नक्कल करताना गाळलेली ओळ

मी, अर्पिता जगन्नाथ रत्नपारखी, वय अठ्ठावीस, नोकरी बियाणे कंपनीच्या तपासणी विभागात, राहणार बदनापूर, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि तो हरवला तर म्हणून दुसरी प्रत आईच्या कपाटात आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट आई रोज म्हणते, "असलं लिहू नको, अभद्र वाटतं." येत्या २९ तारखेला, शुक्रवारी, माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. मला काळजी करायला कारण लागत नाही, हे त्यांना माहीत नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी माझी आई उषाबाई हिला मिळावा. त्यातून तिने सर्वांत आधी चष्मा बदलावा. दोन वर्षे ती 'उद्या जाऊ' म्हणते आहे.

कलम २. माझी स्कूटी सहकारी सुरुची हिला द्यावी. मागचा ब्रेक उशिरा लागतो, हे देण्याआधी सांगावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. एमआयडीसीतल्या आमच्या प्लँटमध्ये आम्ही दोघी एका टेबलावर ओल्या कागदात ठेवलेल्या बियांचे कोंब मोजतो. एखाद्या कोंबाबद्दल मला शंका आली की ती म्हणते, "बाई, उगवलंय ते. जगू दे त्याला सुखानं." माझ्या शंकांना इतके प्रेमळ उत्तर दुसऱ्या कोणी दिलेले नाही.

कलम ३. रस्त्याकडची खोली माझा भाऊ पार्थ याला मिळावी. ही खोली मला माझी आत्या शरयू हिने तिच्या मृत्युपत्राने दिली होती. माझे हृदय जन्मापासून नाजूक, म्हणून दहाव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. आत्याने मला याच खोलीत शिकवले. धडा संपला की ती "समजलं का?" असे कधी विचारत नसे. "आज आनंद कुठं सापडला?" असे विचारी. गणितातही. भागाकाराला बाकी उरली नाही, असे मी एकदा सांगितले. तिने मान डोलावली आणि ते लिहून ठेवले.

पुढे शेजारपाजारचे लोक येऊ लागले. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी ती मोठ्याने वाचायची, मग प्रत्येकाला तोच प्रश्न. जो जे सांगेल ते वहीत लिहायचे. कोणाला हसू आले ती जागा, कोणाला जुना गुंता सुटला ती, कोणाला दुसऱ्याचे बरे झाले म्हणून बरे वाटले ती. आत्या कोणाचे उत्तर दुरुस्त करत नसे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना तिने त्या एका ओळीपुरते आधी शिकवले. आत्या गेल्यावर वाचन मी करते.

पार्थला ही खोली मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यायची आहे. त्याने ती द्यावी. मात्र मंगळवारी आणि शनिवारी सात वाजता दुकान बंद झाले पाहिजे. मी हे त्याला वाचून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "ठीक आहे, पण चटया कोण अंथरणार?" चटया पार्थने अंथराव्यात.

कलम ४. आत्याची आणि माझी सर्व पुस्तके त्याच खोलीत राहावीत. रामराव काकांनी अकरा वर्षांपूर्वी नेलेली तीन पुस्तके त्यांनाच द्यावीत, म्हणजे ते मला पाहून गल्ली बदलणार नाहीत. अर्थात मी नसल्यावर त्यांना तशी गरज पडणार नाही. तरीही द्यावीत. आत्याने ती कधीच सोडून दिली होती, मीच धरून बसले होते.

कलम ५. आनंदाची वही शेजारच्या नंदाबाई रखमाजी कोल्हे यांना द्यावी. त्यांची एक ओळ तीत नाही. ती सुरुचीने त्यांना विचारून शेवटच्या पानावर लिहावी आणि माझ्या वतीने माफी मागावी.
(हे कलम मी रद्द केले आहे. रेघ माझीच आहे, बाजूला सही केली आहे. कारण पुढे लिहिते.)

मी चौदा वर्षांची असताना जुन्या वहीला वाळवी लागली. आत्याने मला नव्या वहीत नक्कल करायला सांगितले. चारशे बारा ओळी होत्या. मी चारशे अकरा उतरवल्या. नंदामावशींची ओळ कुठल्याशा कडीबद्दल होती. तिचा त्या दिवशीच्या वाचनाशी काही संबंध नाही, असे मी ठरवले आणि ती गाळली. जुनी वही जाळून टाकली. आठवड्याने मावशी त्यांच्या नव्या सुनेला घेऊन आल्या, आपली ओळ दाखवायला. पानापानांवर बोट फिरवले. मी समोर बसून होते. "असंल कुठंतरी," असे म्हणून त्या उठल्या. त्यानंतर त्या आत येऊन बसल्या नाहीत.

येथपर्यंत लिहून तीन दिवस झाले. काल कलम पाच पुन्हा वाचले आणि लाज वाटली. जी माफी मी चौदा वर्षे मागितली नाही, ती मेल्यावर सुरुचीकडून मागवत होते. म्हणून काल संध्याकाळी मी स्वतः गेले. मावशी पायरीवर लसूण सोलत होत्या.

"मावशी, तुमची ओळ मी गाळली होती. चुकून नाही, मुद्दाम."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. चारशे ओळी लिवल्या आन् माझीच बराबर सुटती व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"शरयूबाईला सांगितलं असतं तं त्यांनी तुला समदी वही परत लिवाया लावली असती. तुझं काळीज हे असं." त्यांनी माझ्याकडे न पाहता एक पाकळी सोलली. "अन् म्या येत व्हते की. भायेर उभं राहून ऐकायची. तिथं कुणी इचारत न्हाई, आनंद कुठं सापडला म्हणून."

मी ओळ विचारली. त्यांना ती पाठ होती. "समदे घरी आले का कडी लावते, तेवढा आनंद." मी म्हणाले की वाचनाशी तिचा संबंध मला दिसला नव्हता.

"कसा न्हाई? त्या गोष्टीतला पोरगा वीस वर्सांनी गावात येतो. आन् तवर त्याच्या मायनं दाराला कडीच लावल्याली नसती. समदे तो आला म्हणून खूश झाले. म्या म्हनलं, आता ती माय कडी लावंल."

गोष्ट मला आठवली. त्या दिवशी मी काय लिहिले होते तेही आठवले. गोष्टीतले निसर्गवर्णन सुंदर आहे, असे मी लिहिले होते. चारशे अकरा ओळींत त्या आईकडे कोणाचेच लक्ष गेलेले नाही. आज मी सगळी वही पुन्हा तपासली.

वही त्यांच्यासाठी ठेवली आहे असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "साक्षीला कोण हाय?" मी म्हणाले, एक राधेश्यामजी किराणावाले, दुसरे अजून ठरले नाहीत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार न झालेले बरे, असा वकिलांचा सल्लाही सांगितला.

"मंग मला काई देऊ नको. सही करू दे. अंगठा न्हाई, सही. शरयूबाईनं शिकवली आन् बँक सोडून कुठं कामाला आली न्हाई."

म्हणून कलम पाच रद्द.

कलम ६. वही खोलीतच राहावी. चटया जो अंथरेल त्याने ती उघडावी. मावशींची ओळ मी आज त्यांना समोर बसवून वहीत उतरवली आहे, आणि खाली 'ही ओळ मी गाळली होती' असे लिहून सही केली आहे. ऑपरेशननंतर मंगळवारच्या वाचनाला आत येऊन बसाल का, असे मी त्यांना विचारले. "तू असशील तं बसंन," असे त्या म्हणाल्या.

कलम ७. नंदामावशींनी सहीखाली दोन बोटे जागा मागितली आहे. तेथे काय लिहिणार ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ते या मृत्युपत्राशी संबंधित आहे की नाही, हे कोणी ठरवू नये. या दस्ताची नक्कल जो कोणी करील त्याने तो मजकूर जसाच्या तसा उतरवावा.

वरील सर्व मी पुन्हा दोनदा वाचले आहे. आता आणखी वाचणार नाही. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली, आणि माझ्या समोर त्यांनी.

ठिकाण: बदनापूर
दिनांक: २४ नोव्हेंबर २०२४

सही: अर्पिता जगन्नाथ रत्नपारखी

साक्षीदार १: राधेश्याम मोतीलाल झंवर, किराणा दुकानदार, बदनापूर

साक्षीदार २: नंदाबाई रखमाजी कोल्हे, शेतमजुरी, बदनापूर

अर्पिता दवाखान्यातून घरी आली का मंग कडी लावीन.