छातीइतका कापूस अन् क्लीन बास

१८ जानेवारी
होम थिएटर आलं. पाच स्पीकर अन् एक सब-वूफर, म्हंजे बासचा डब्बा. लावल्या लावल्या पुढच्या खोलीच्या खिडक्या थरथरल्या, मांडणीवरचा पितळेचा गंज दानकन खाली आला. निकिता म्हणे, बंद करा आधी. बायकोले काय समजते! बास घुमून राह्यला, म्हंजे कॅलिब्रेशन पायजे. ते आपल्या हातचं काम. आपला कान लहानपणापासून तयार हाये.
धुळवडीले पुसदहून साळा येते, अतुल. दिवाळीत जुना सेट ऐकून चारचौघांत म्हणे, जिजाजी, तुमच्या स्पीकरातून टिनाचा आवाज येते. येऊ दे बेट्याले.
संकल्प: आठ दिवसांत फायनल सेटिंग.

२२ जानेवारी
व्हिडिओत सांगतलं, सब-वूफर सोफ्यावर ठेवा अन् खाली रांगत फिरा. जिथं बास नीट ऐकू येते, थे त्याची जागा. रांगलो. माय म्हणे, काय हरवलं रे बापू? उत्तर देल्लं नाई, कॉन्सन्ट्रेशन तुटते. तिनं चष्मा लावला अन् तीबी खाली बसून शोधाले लागली. गुडघे दुखतात तिचे. थांब म्हनाले पायजे होतं, पन तेवढ्यात जागा सापडली. मायच्या खाटेमागचा कोपरा.

३० जानेवारी
तिसऱ्या वेच्याचा कापूस आला. कोठ्यात जागा नाई. पुढच्या खोलीतच टाकला, कोपऱ्यापासून मायच्या खाटेपर्यंत, छातीइतका. सब-वूफर आत गडप. मंग सिस्टीम लावली.
बापा! घुमणं साफ बंद. खिडकी हालत नाई, गंज हालत नाई. याले म्हनतात क्लीन बास. शहरातले लोक पैसे देऊन भिंतीले फोम लावतात, आपल्या घरी वावरातून आला. क्रॉसओव्हर ८०, लेव्हल प्लस दोन. वहीत लिहून ठेवलं. आता कोनी काही हालवाचं नाई.

११ फेब्रुवारी
व्यापारी दारावर आलता. निकिता म्हणे, देऊन टाका, भाव बरा हाये. मी म्हनलं, थांब, वाढन. खरं म्हंजे भावाचं मले काही समजत नाई. कापूस गेला त सेटिंग गेली, हे तिले कसं सांगाव? माय माह्या बाजूनं बोलली. म्हणे, त्यानं काही पाह्यलं असन, म्हनूनच थांबला.

२५ फेब्रुवारी
मायच्या आंगाले खाज. मान, हात, सारे लाल लाल फोड. नेरचे डॉक्टर मले बाजूले घेऊन म्हणे, घरातला कापूस काढा, त्यातल्या किड्यानं होते. घरी सांगतलं, घामोळ्या हायेत. लाज वाटली. पन धुळवडीपर्यंत सतरा दिवसांचाच त सवाल.
गुलाबी लोशन आणलं, मोठी बाटली. मीच लावून देल्लं. माय म्हणे, लेक किती करते माह्यं. आणखी लाज वाटली. आवाज दोन पॉइंट वाढवला.

६ मार्च
भाव उतरला. निकिता बोलत नाई. माय खाट अंगणात वढत घेऊन गेली, म्हणे तठी हवा लागते.
संकल्प: धुळवडीच्या दुसऱ्याच दिवशी कापूस विकाचा. पक्का.

१४ मार्च, धुळवड
अतुल आला. सोफ्यावर मधोमध बसवला. स्फोटाचा सीन लावला. पाच मिनिटं ऐकून म्हणे, जिजाजी, सब-वूफर चालू कुठी हाये? मी म्हनलं, कान पायजे बाबू, हा क्लीन बास होय.
त्यानं बाह्या वर केल्या, कापसात खांद्यापर्यंत हात घातला अन् एक वायर बाहेर काढली. सुटी. कापूस टाकताना निघाली असन. म्हंजे तीस जानेवारीपासून सब-वूफर बंदच होता. दीड महिना मी बंद डब्ब्याचं सेटिंग जपलं.
अतुल हासून हासून कापसावर आडवा झाला, अन् खाजवत उठला. निकिता हासली नाई. एवढंच विचारलं, कापूस यासाठी ठेवला होता का? मी वायर गुंडाळाले लागलो.

१५ मार्च
कापूस गेला. व्यापाऱ्यानं तवा देल्ला असता त्याहून कमी भावानं.
गाडी भरून राह्यली तवा माय अंगणातून उठून आली. कोपरापर्यंत लोशन वाळलेलं. म्हणे, भाव आला ना रे बापू? महिनाभर गल्लीत सांगून राह्यली होती, माह्या लेकाले, रजतले भाव समजते म्हनून आमी थांबलो. निकिता दारात उभी. तिनं माह्याकडे पाह्यलं.
मी म्हनलं, हो माय, आला.
माय म्हणे, मंग ठीक हाये, एवढी खाज सोसली थे वाया नाई गेलं. गाडीवाल्यासाठी चहा मांडाले सांगतला अन् शेजारच्या उकंडाभाऊले भाव आल्याचं सांगाले गेली.