हात सुटला म्हणजे काय, आण्णा?

प्रिय आण्णा,

उद्या सकाळी सहा बायका माझ्यासमोर बसतील. घरात कोणाला तरी मारलं म्हणून कोर्टानं त्यांना समुपदेशनाला पाठवलंय. त्यांच्यासाठी कार्यक्रम आखायचं काम माझ्याकडं आलं. आखून झाला होता. आज दुपारी मोडला. तुमच्याशिवाय कोणाला सांगू?

आमच्या संस्थेत मारकुट्या नवऱ्यांसाठी असा कार्यक्रम आधीपासून चालतो. साहेब म्हणाले, "अहो, त्यातल्या 'तो'च्या जागी 'ती' घाला, झालं की!" सगळे हसले. मला आपलं होटगीचं रेल्वे क्वार्टर आठवलं.

तिथंही सगळे हसायचे. आईनं मारलेलं तुमच्या गालावर दिसायचं. शेजारचे काका विचारायचे, "काय आण्णा, आज पन परसाद व्हय?" तुम्हीही हसून म्हणायचात, "हात सुटला तिचा." जणू हात म्हणजे दावं तोडलेलं जनावर! शेजारणीवर तो कधी सुटला नाही. दुकानदारावर नाही. तुमच्यावरच कसा सुटायचा? तुम्ही तिला घाबरत होतात का? एकदा तरी सांगायचंत!

म्हणून मी पहिला नियम केला. इथं 'हात सुटला' म्हणायचं नाही. 'मी मारलं' म्हणायचं. सुनेला उलथन्याचा चटका देणाऱ्या सुमनबाई परवा भेटीत ते म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज बदलला. नियम बरोबर आहे असं वाटलं.

आज रेणुका आली. तिनं नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला होता.

"हात सुटला, मॅडम."

"असं नाही. 'मी मारलं' म्हणा."

 तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "आसा धरला हुता त्यानं. दुसरा हात माज्या गळ्यावर. हात सुटला म्हणून जिती हाय की!"

तिचा हात खरोखरच सुटला होता, आण्णा. आणि मी तो शब्द खोडायला निघाले होते.

आता काय करू? तिला गटात बसवलं, तर ती कबुली द्यायला शिकेल आणि मान खाली घालून त्याच घरी परत जाईल. नाही बसवलं, तर गैरहजर म्हणून कोर्टाला कळेल. सुमनबाईंना मात्र तो नियम हवाच आहे. माझं चुकलं तर भोगावं रेणुकाला लागेल, मला नाही. जेवताना आई विचारते, "कसल्या बायका येत्यात गं तुज्याकडं?" मी विषय बदलते.

उद्या गट बसण्याआधी प्रत्येकीला एकटीला आत बोलावीन. काय केलंत, हे नंतर. आधी एवढंच विचारीन: तुमच्या घरात कोण कोणाला भितं? रेणुका गटात बसणार नाही. तिला आधी संरक्षण हवं, असं मी माझ्या सहीनं कोर्टाला कळवीन. साहेब काहीही म्हणोत, उद्या इथून ती त्या घरी जाणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची,
नंदा