झाडावरची टिंबं

तीर्थरूप दाजी,

वाकून नमस्कार. (‘वाकून’ हे या वेळी फक्त लिहिण्यापुरतं समजावं. कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा आवाज कसा आहे हे विचारत नाही. परवा फोन तुमच्या हातात होता, ती आत होती, तरी मला तिचंच जास्त ऐकू आलं. इकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. फक्त मला एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा दोन ओळी टेबलाशी आणि दोन ओळी खिडकीशी उभ्याने लिहितो आहे, तेव्हा अक्षर मध्येच डोंगर चढलेलं दिसलं तर मी त्या वेळी खिडकीशी होतो असं धरावं.

गेल्या शनिवारी सकाळी देवापुढे दिवा लावला, चप्पल घातली आणि गल्लीच्या टोकाला जाऊन तिथल्या झाडाला मिठी मारली. दूधवाल्याने सायकल थांबवली. मी त्याला सांगितलं, की बुंधा मोजतो आहे. त्याने मान डोलावली आणि त्या दिवशी दूध थोडं जास्त घातलं. घरी हिला हे कळल्यावर ही म्हणाली, “लोक फिरायला जातात, तुम्ही तपासायला जाता.” खोटं नाही. छापखान्यात सत्तावीस वर्षं प्रुफं तपासून माझी नजर चुकीवर बसते, माशी जशी गुळावर. गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, की बरोबर काय आहे ते सगळ्यांनाच दिसतं, तू चुकलेलं शोध. मी ते इतकं मनावर घेतलं, की पुढे दुसरं काही शिकलोच नाही.

पण आधी मुळाशी जायला हवं. चार महिन्यांपूर्वी लेकीने माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. “बाबा, एवढं प्रूफ बघून द्या.” बघतो तर लग्नाची पत्रिका. वधूच्या जागी तिचं नाव, आणि वराच्या जागी तो, ज्याचं नाव ताईने न बघताच ‘लटकू’ ठेवलं आहे. (बागखात्यात आहे. दोर बांधून झाडावर चढतो आणि धोक्याच्या फांद्या उतरवतो.) मी लाल पेन उघडलं. तिसऱ्या ओळीत ‘आर्शीवाद’ होतं, रफार जागचा हललेला. तो ‘आशीर्वाद’ केला. मग वराच्या नावावर एक सरळ रेघ मारली. दाजी, तुमच्यापाशी कबूल करतो, चूक नसताना खोडलेला माझ्या नोकरीतला हा पहिला शब्द. मुलाचा स्वभाव तपासला, घर तपासलं, एक वेलांटी इकडची तिकडे सापडली नाही. फक्त जो माणूस दिवसभर दोरीवर असतो त्याच्या हाती आपली मुलगी द्यायची, हे काही मनाला पटत नव्हतं. लेकीने कागद घेतला, वाचला आणि एवढंच म्हणाली, “बाबा, आशीर्वाद दुरुस्त केलात, द्यायचा राहिला.” तेव्हापासून माझं ‘विचार करून सांगतो’ चाललं होतं, आणि माझी झोप गेली होती.

शेवटी तिनेच तोड काढली. मला एक झुला आणून दिला. (दोन झाडांना बांधायची कापडी झोळी. आत शिरताना माणूस, शिरल्यावर बाजारातली भाजी.) म्हणाली, रविवारी तळ्याकाठच्या रानात दोन दिवस राहायला जाऊ, तुम्ही, मी आणि तो. झाडं तुम्ही निवडा, तुमचं निवडणं संपलं की आमचं काय ते सांगा. लटकूने झाडं कशी पारखायची ते एका कागदावर लिहून पाठवलं. बुंधा मांडीहून जाड हवा. झाड जिवंत हवं. बुडाशी अळंबी नको. वर वाळकी फांदी लोंबत नको. ठोकून पाहावं, पोकळ वाजलं तर सोडून द्यावं. दोरी नको, रुंद पट्टा हवा, नाहीतर साल कापते. (शुद्धलेखन निर्दोष. मला त्याचाही राग आला.)

रानात पोचल्यावर मी कामाला लागलो. पहिलं झाड कललेलं, दुसऱ्यावर मुंग्या, तिसरं उत्तम होतं पण त्याला जोडीदार नव्हता. तेवीस झाडं नापास केली. लेक हसून म्हणाली, “बाबा, यांतलं एक तरी लग्नाचं आहे का?” आणि ती दोघं पाणी आणायला तळ्यावर गेली. तेवढ्यात मला चोविसावं दिसलं. धिप्पाड, शेजारी तसंच दुसरं, आणि बुंध्यावर एका ओळीत पिवळ्या रंगाची पाच टिंबं! दाजी, मला गहिवरून आलं. आमच्या धंद्यात चुकून खोडलेला शब्द तसाच ठेवायचा असेल, तर त्याखाली टिंबं देतात. म्हणजे हात लावू नका, हा राहू दे. रानातसुद्धा कुणीतरी तपासून गेलं आहे, या समाधानात मी वर बघितलं नाही, ठोकलं नाही, झाडाला हात जोडले, झुला बांधला आणि आत पडलो. चार महिन्यांत पहिल्यांदा डोळा लागत होता.

“काका, उतरा,” लटकूचा आवाज आला.

“का?”

“त्या झाडावर खूण आहे.”

“खूण आहे म्हणूनच तर झोपलोय.”

“अहो काका, खूण आहे म्हणूनच उतरा!”

मी डोळे मिटून घेतले. (निवडायचा अधिकार माझा, असं ठरलं होतं.) त्याने एकदा वर पाहिलं. मग अगदी सहज म्हणाला, “काका, तुमचा चष्मा खाली पडला.” चष्म्याशिवाय मी म्हणजे काहीच नाही. गडबडीने वळलो, झुला माझ्याआधी वळला आणि मी कमरेवर आपटलो. गवत चाचपतो आहे तोच त्याने मला काखेत धरून ओढलं आणि वरून वाळकी फांदी आली ती थेट झुल्यात. जिथे मी होतो तिथे. चष्मा माझ्या नाकावरच होता.

मग कळलं, की ते रानही त्यांच्याच खात्याकडे आहे आणि ती टिंबं लटकूनेच आदल्या आठवड्यात मारली होती. त्यांच्या खात्यात टिंबं म्हणजे झाड आतून कुजलंय, पाडायचं. लेक रडत होती आणि मला रागावतही होती. तो मात्र बुंधा ठोकत म्हणाला, “चूक माझी, काका. शेजारी अक्षरात लिहायला हवं होतं.” दाजी, दुसऱ्याच्या घोडचुकीत स्वतःची चूक शोधणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. आणि मला कळलं, की दोरीवर जगणारा हा मनुष्य वर बघितल्याशिवाय कुठेच पाय टाकत नाही. न बघता झोपणारा मी.

काल पत्रिकेचा कागद मागून घेतला. देवाचं नाव घेतलं आणि खोडलेल्या नावाखाली टिंबं दिली. मोजून सात.

तुमचा,
कमरेतून सरळ न होणारा मेहुणा

ता. क. मूळ काम राहिलंच. लग्न ठरल्याचं ताईला तुम्ही सांगायचं आहे. तिचा घसा बसलेला असेल असा दिवस बघा, आणि शक्यतो तुम्ही दाराजवळ उभे राहा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार तोच, आज सकाळी कामावर जाता जाता लटकू डोकावला. लेकीने हौसेने कागद दाखवला. त्याने स्वतःच्या नावावरची रेघ पाहिली, खालची टिंबं पाहिली, हेल्मेट उचललं आणि जिना उतरला. मला उशिरा उमगलं. कंबर धरून अनवाणी धावलो आणि गल्लीच्या टोकाला त्याला गाठलं. “अरे, आमच्यात टिंबं म्हणजे राहू दे!” तो म्हणाला, “नक्की ना, काका?” दूधवाल्याने पुन्हा सायकल थांबवली. या वेळी माझी मिठी झाडाला नव्हती.

वर येऊन समासात स्वच्छ अक्षरांत लिहिलं, ‘हे नाव राहू द्यावे.’ खाली सही केली, तारीख घातली, कागद छापायला दिला. देण्यापूर्वी आशीर्वाद पुन्हा एकदा तपासला. बरोबर होता.