अनेकवचनाचा तास

दि. ४ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून गेल्यासारखं. पण कोंबडी खुशाल आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे नाना अंगाने ठणठणीत आहेत, पण त्यांच्या डोक्यातलं एकेक सामान रोज कुणीतरी उचलून नेतंय. आज वार कुठला, हे घर कुणाचं, आपली आई आहे की गेली, यातलं काहीही उरलेलं नाही. उरलाय तो एक तास.

सगळं आयुष्य इंग्रजी शिकवलं, त्यातला नेमका एकच धडा शिल्लक आहे. एकट्याचं मायसेल्फ असतं, मग अनेकांचं अवरसेल्व्हज कसं होतं, तो. सकाळचा चहा झाला की खडू घेऊन लोखंडी कपाटाच्या हिरव्या दारावर लिहायला लागतात. आपल्याकडे माणूस एक असो की दहा, स्वतः तो स्वतःच. इंग्रजी मात्र आधी माणसं मोजतं आणि मग शब्द देतं, असं रोज त्याच उत्साहाने सांगतात. युवरसेल्फ एकाला, युवरसेल्व्हज अनेकांना, आणि अवरसेल्फ म्हणेल त्याने बाकावर उभं राहायचं. वर्गात मी एकटी. मी मुद्दाम चुकते, कारण सुधारायला चूक मिळाली नाही तर ते दिवसभर येरझाऱ्या घालतात आणि जेवत नाहीत. असा माझा रोज नवा प्रवेश आणि रोज नापास!

आता मुद्द्याचं. माझ्या पित्ताशयातल्या खड्यांनी डोकं वर काढलंय आणि आता टाळाटाळ चालणार नाही असा डॉक्टरांनी दम भरलाय. ऑपरेशन, मग मावशीकडे विश्रांती, म्हणजे तीन आठवडे तरी नानांजवळ कुणी हवं. तू येशील का? त्यांनी बोलावल्याशिवाय यायचं नाही हे ठरलेलं आहे, मला ठाऊक आहे. पण ते आता कुणालाच बोलावणार नाहीत रे.

लोभ असू दे, रुसवे नंतर काढू.
तुझी ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रजा मिळाली. साहेब आधी कुरकुरले, कारण एका सात मजली इमारतीची लिफ्ट अर्ध्यात लटकतेय आणि तिच्या वायरिंगचा गुंता माझ्याशिवाय कुणाला उलगडत नाही. पण मी हटून बसलो. तू निर्धास्तपणे दवाखान्यात जा.

तुला लिहायला लाज कसली, मी घाबरलोय. नानांनी आपल्या शाळेत शब्द टाकून मला मास्तर केलं आणि मी परीक्षा तोंडावर असताना खडू ठेवून लिफ्टच्या कारखान्यात शिरलो. मुलांपुढे उभा राहिलो की मला घाम फुटायचा, हातात पाना आला की थांबायचा. हे त्यांना कधी पटलं नाही. मी बोलावेन तेव्हाच ये, एवढंच म्हणाले आणि नऊ वर्षं बोलावलं नाही. मी दुसरं काही मागत नाही. त्यांनी मला ओळखावं आणि एकदा म्हणावं, आलास, बैस. ओळखतील का गं? तुला ओळखतात, तर मलाही कदाचित ओळखतील.

पोटदुखी सांभाळ. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा खटपट्या


दि. १५ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

ओळखतील की नाही ते मी कोणत्या तोंडाने सांगू? माझं सोड, मी रोजचीच.

नीट वाच. आपण कोण ते सांगत बसू नकोस. पटवून द्यायला गेलं की ते घाबरतात आणि कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. खडूचा डबा खिडकीत आहे. वर्गाच्या वेळी कपाट उघडायचं नाही. चुकायला विसरू नकोस. तुला ते जड जाऊ नये, शाळेत तुझा हातखंडा होता! मी उद्या दवाखान्यात जाते. तू पोचेपर्यंत शेजारचे घड्याळवाले बसणार आहेत. पुढचं पत्र मावशीच्या पत्त्यावर टाक.

नानांना जप आणि माझ्यावर जीव ठेव.
ताई


दि. २६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मावशीने कळवलं आणि जीव भांड्यात पडला. इथलं मात्र कसं लिहू ते कळत नाही.

मी आलो तेव्हा नानांनी स्वतः दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, नवीन प्रवेश का. मी हो म्हणालो. मला स्टुलावर बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि शिकवायला लागले. ताई, मला त्यांनी एवढ्या मायेने कधी शिकवलं नव्हतं. मुलं पडली आणि त्यांना लागलं, याचं इंग्रजी विचारलं. मी ईच अदर म्हणून चुकलो. तर हसून म्हणाले की देमसेल्व्हज म्हटलं म्हणजे ज्याचं त्याला लागलं. एकमेकांना मारलं असेल तर इंग्रजीत त्याला वेगळे शब्द आहेत, तेवढा न्याय त्या भाषेत आहे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की तुला येईल, घाई करू नकोस. चार दिवस असे गेले. त्यांनी ओळखलं नव्हतं याचं मला वाईट वाटत होतं आणि तरी सकाळ कधी होते असं व्हायचं.

पाचव्या दिवशी ते लिहीत असताना कपाटाचं दार हलत होतं. वरची बिजागरी सुटली होती. हात कुठला गप्प बसतो! मी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि खडूच्या अक्षरांना धक्का न लावता बिजागरी आवळायला लागलो. मागे आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं. नाना माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी मला हाक मारली, माझ्या पाळण्यातल्या नावाने. तू अजून हेच करतोस का, असं विचारलं. मी तुला बोलावलं नव्हतं, म्हणाले. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले आणि दंडाला धरून मला दाराबाहेर काढलं. त्या हातात अजून केवढी ताकद आहे!

संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून होतो. मग घंटी वाजवली. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, नवीन प्रवेश का.

मी हो म्हणालो.

हत्यारांची पिशवी आता घड्याळवाल्यांकडे ठेवली आहे. नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं, आणि ते पुन्हा होऊ नये असं मला वाटतंय. त्यांनी मला परत ओळखू नये. विद्यार्थ्याला मिळालेले नाना मला पुरेत.

तुझी सावली डोक्यावर राहू दे.
खटपट्या


दि. ३१ मार्च

चि. खटपट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल टाके काढले. मावशी मला उशीसारखी जपते, जिथे ठेवते तिथे मी पडून असते. तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्यासाठी रडू यायला हवं होतं. खरं सांगते, मत्सर वाटला.

मला ते ओळखतात असं तू लिहिलंस आणि मी ते तसंच राहू दिलं. दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही ओळखलेलं नाही. मी त्यांची शिकवणीची मुलगी. दिवे लागले की सांगतात, तास संपला, आता घरी जा, तुझी माणसं वाट बघत असतील. बसून राहिले तर त्यांची चिडचिड होते. म्हणून मी चपला घालते, तू बसलास त्याच जिन्यात थोडा वेळ उभी राहते आणि मग किल्लीने दार उघडून आत येते. तोवर ते विसरलेले असतात. तुला त्यांनी हाकललं ते मुलगा म्हणून. मला रोज निरोप मिळतो तो परक्याच्या पोरीला देतात तसा, अगदी प्रेमाने.

तू म्हणतोस, पुन्हा ओळखू नये. तुझं चुकत नाही. तरी माझ्यासाठी एक कर. घड्याळवाल्यांकडून पिशवी परत आण. कपाटाच्या दाराची खालची बिजागरीही ढिली आहे. तास चालू असताना ती आवळायला बस. ओळखतील, बोलतील, दंड धरतील, धरू देत. पण बाहेर काढण्याआधी त्यांना विचार, माझी ताई कुठे आहे.

काय म्हणाले ते शब्दन् शब्द कळव. काहीच म्हणाले नाहीत, तर तेही कळव.

तुझ्याशिवाय हे मागायला मला कुणी नाही, तेव्हा लोभ कमी करू नकोस.
तुझी
ताई